जुन्या पिंपाचा दुसरा जन्म

सातपुड्याच्या पायथ्याशीं असलेल्या वरूडच्या परिसरांत संत्र्याच्या बागा पाहात कोणी हिंडला, तर विहिरीच्या कांठीं, गोठ्याच्या कोपऱ्यांत किंवा रखवालदाराच्या झोपडीपाशीं एक वस्तु त्याच्या दृष्टीस हटकून पडते. ती म्हणजे जुनें लोखंडी पिंप. वऱ्हाडांत त्याला टिपाड असेंहि म्हणतात, आणि ड्रम हा इंग्रजी शब्द तर आतां लहानथोर सर्वांच्या तोंडीं बसला आहे. पिंप तयार होतें तें तेल, डांबर किंवा एखादें रसायन वाहून नेण्यासाठीं. तें काम संपलें, कीं तें भंगाराच्या दुकानांत येतें, आणि तेथून चार पैसे देऊन शेतकरी तें घरीं आणतो. मग कोठें त्यांत पाणी सांठतें, कोठें धान्य राहतें, कोठें त्याची चूल होते, तर कोठें त्याचा पत्रा उलगडून झोपडीला दार बसवितात. पुष्कळदां पहिल्या कामांत पिंपाचे कांहीं महिनेच जातात, आणि दुसऱ्या कामांत वर्षानुवर्षें लोटतात.

या दुसऱ्या जन्माविषयीं कांहीं गोष्टी प्रत्येक कुटुंबास ठाऊक असणें इष्ट आहे. जुन्या पिंपाचे उपयोग अनेक आहेत, आणि कल्पक माणसाला ते सुचतातहि. परंतु कोणत्या पिंपाचा कोणता उपयोग करावा, हें ठरविण्याचा नियम एकच आहे. पिंपाचा दुसरा जन्म त्याच्या पहिल्या जन्मावर अवलंबून असतो. हा नियम ज्यानें पाळला त्याचें पैशांत काम झालें. ज्यानें तो मोडला त्याच्या घरांत कधीं कधीं अनर्थ ओढवला.

रिकाम्या भांड्यास नवें काम देण्याची विद्या आपल्याकडे नवी नाहीं. परदेशचें रॉकेल तेल या देशांत येऊं लागलें, तेव्हां तें पत्र्याच्या चौकोनी डब्यांतून येई. एका लाकडी खोक्यांत दोन डबे असत, आणि प्रत्येक डब्यांत सुमारें ४ गॅलन, म्हणजे आजच्या मापानें १८ ते १९ लिटर तेल मावे. तेल जळून जाई, डबा मात्र घरांत राही. त्याचें तोंड कापून आडवी लांकडी पट्टी ठोकली, कीं पाण्याची बादली तयार होई. अशा दोन डब्यांची कावड होई. झांकण बसविलें, कीं डाळीसाळी ठेवण्याची सोय होई. लहान तुकड्यांतून कल्हईवाला वातीची चिमणी करून देई, आणि अगदींच फुटलेला डबा उलगडून छपराचें भोंक बुजविण्याच्या कामीं येई. पंधरा किलो खाद्यतेलाचा जो डबा वाण्याच्या दुकानांत मिळतो, तो याच कुळांतला आहे, आणि तेल संपल्यावर तोहि कोणी टाकून देत नाहीं.

गोल पोलादी पिंप हें मात्र विसाव्या शतकाचें अपत्य होय. त्यापूर्वीं तेलासारखे पदार्थ लांकडी पिंपांतून नेत असत. लांकूड आकसलें कीं फटी पडत, आणि वाटेंत बराच माल गळून जाई. या गोष्टीवर उपाय निघाला तो अमेरिकेंत. नेली ब्लाय या नांवाची एक धाडसी बातमीदार स्त्री तेथें होऊन गेली. तिनें १८८९-९० सालीं अवघ्या ७२ दिवसांत पृथ्वीप्रदक्षिणा केली, म्हणून तिचें नांव जगभर गाजलें होतें. पुढें तिच्या पतीच्या मृत्यूनंतर लोखंडी भांड्यांचा कारखाना तिच्याकडे आला. त्या कारखान्यांतील हेन्री वेरहान या कारागिरानें बसविलेल्या पोलादी पिंपाचीं पेटंटें १९०५ सालच्या डिसेंबरांत मिळालीं, आणि त्यांचे हक्क नेली ब्लायकडे होते. दुसऱ्या महायुद्धांत सैन्यांना पेट्रोल पुरविण्यासाठीं अशीं पिंपें लक्षावधि लागलीं, आणि युद्ध संपल्यावर तीं खंडोखंडीं विखुरलीं.

या पिंपाची घडण लक्षपूर्वक पाहण्यासारखी आहे. त्याची उंची सुमारें ८८ सेंटिमीटर आणि आंतला व्यास सुमारें ५७ सेंटिमीटर असतो. त्यांत ५५ अमेरिकन गॅलन, म्हणजे जवळजवळ २०८ लिटर द्रव मावतो. व्यवहारांत त्याला दोनशे लिटरचें पिंप म्हणतात. अंगावर फुगीर अशीं दोन कडीं दिसतात. त्यांच्यामुळें पातळ पत्र्यास बळकटी येते. शिवाय पिंप आडवें केलें तर तें या दोन कड्यांवरच टेकतें, म्हणून दोनशे किलो वजनाचें भरलेलें पिंप एकटा माणूस गडगडत नेऊं शकतो. माथ्यावर दोन भोकें असतात, एक दोन इंचांचें व दुसरें पाऊण इंचाचें. मोठ्या भोकांतून द्रव ओतावा, आणि लहानांतून हवा आंत शिरावी, अशी ही योजना आहे. लहान बूच उघडलें नाहीं तर द्रव गचके खात बाहेर पडतो, हा अनुभव पुष्कळांस असेल.

आतां मुख्य गोष्टीकडे वळूं. भंगारवाल्याच्या दुकानांत पिंप निवडतांना गिऱ्हाईक पत्रा ठोकून पाहतें, गंज पाहतें, आणि भाव करतें. वास्तविक सर्वांआधीं विचारावयाचा प्रश्न निराळाच आहे. या पिंपांत पूर्वीं काय होतें? त्या उत्तरावरून पिंपांच्या तीन जाति पाडतां येतात. पहिली जात खाद्यपदार्थांच्या पिंपांची. खाद्यतेल, फळांचा रस, साखरेचा पाक यांचीं पिंपें चांगलीं धुतल्यावर घरच्या बहुतेक कामांस चालतात. दुसरी जात खनिज तेलांची: पेट्रोल, डिझेल, वंगण, डांबर. हीं कितीहि धुतलीं तरी पिण्याच्या पाण्यास किंवा धान्यास वापरूं नयेत. मात्र भट्टी, कोळसा, कुंपण अशा कामांस तीं उपयोगीं पडतात. तिसरी जात विषांची. कीटकनाशक, तणनाशक किंवा रंगकामाचें रसायन ज्यांत होतें, तें भांडें कोणत्याहि घरगुती कामास घेऊं नये. ज्याच्यावरची चिठ्ठी फाटलेली आहे आणि ज्याचा पूर्वेतिहास विकणारास सांगतां येत नाहीं, तेंहि याच तिसऱ्या जातींत धरावें.

असा कडक नियम कशासाठीं, हें एका दुःखद उदाहरणावरून कळेल. १६ जुलै २०१३ रोजीं बिहारच्या सारण जिल्ह्यांत, धर्मासती गंडामन या गांवच्या प्राथमिक शाळेंत मुलें दुपारचें जेवण जेवलीं, आणि त्यांपैकीं २३ मुलें दगावलीं. जेवण शिजविण्यास वापरलेल्या तेलांत मोनोक्रोटोफॉस हें कीटकनाशक तपासणींत आढळलें. पूर्वीं कीटकनाशक ठेवलेल्या भांड्यांत तें तेल सांठविलें गेलें असावें, असा निष्कर्ष अधिकाऱ्यांनीं त्या वेळीं सांगितला होता. कापसाच्या मुलखांत हें औषध अपरिचित नाहीं. अमरावतीच्या शेजारच्या यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ च्या पावसाळ्यांत कपाशीवर फवारणी करतांना शेंकडों शेतकरी व मजूर विषबाधेनें आजारी पडले, आणि वीसाच्या आसपास माणसें दगावलीं. फवारणीचें विष अंगावर उडून एवढा घात करतें, तर त्याच विषाच्या भांड्यांतलें पाणी किंवा तेल पोटांत गेल्यावर काय होईल, हें वेगळें सांगावयास नको. म्हणूनच १९७१ च्या कीटकनाशक नियमांत अशीं रिकामीं वेष्टनें मोडून वस्तीपासून दूर पुरावींत, असें सांगितलें आहे. डबा धुऊन चकचकीत झाला, त्याचा वास गेला, म्हणजे विष गेलें, असें नसतें. पत्र्याच्या सांध्यांत, गंजाच्या थरांत आणि बुचाच्या आट्यांत तें दडून राहतें.

दुसरा धोका पिंप कापण्याचा. पुष्कळांचा समज असा असतो, कीं भरलेलें पिंप पेट घेईल, रिकाम्यास भय नाहीं. वस्तुस्थिति नेमकी उलट आहे. पेट्रोलनें काठोकाठ भरलेल्या पिंपांत हवेला जागाच नसते. आणि हवेवांचून जळणें नाहीं. रिकाम्या पिंपाच्या तळाशीं मात्र चार थेंब उरलेले असतात. त्यांची वाफ होऊन ती आंतल्या हवेंत मिसळते. हवेंत पेट्रोलच्या वाफेचें प्रमाण शेंकडा दीडपासून साडेसातपर्यंत झालें, कीं तें मिश्रण ठिणगी मिळतांच स्फोट पावतें. वेल्डिंगची ज्योत लावली किंवा फिरत्या चाकानें कापावयास घेतलें, कीं ती ठिणगी मिळते, आणि पिंपाचें झांकण तोफगोळ्यासारखें उडतें. डिझेल किंवा वंगणाच्या पिंपाचीहि खात्री धरूं नये. थंडपणीं त्यांची वाफ थोडी असते, पण ज्योतीनें पत्रा तापला म्हणजे ती वाढते. म्हणून अशा पिंपाचीं दोन्हीं बुचें काढून तें सोड्याच्या कढत पाण्यानें धुवावें, आणि मग कापावयाच्या जागेच्या किंचित् खालपर्यंत पाण्यानें भरावें. पाणी जेथें असतें तेथें वाफेस जागा राहत नाहीं. शक्य असेल तर ज्योत टाळून छिन्नी-हातोड्यानें ओलें पिंपच कापावें. विहिरीकांठच्या घाईच्या कामांत हा अर्धा तास वाचविण्याचा मोह होतो, तो आवरावा.

पाश्चात्य देशांत बिअरच्या पिंपांपासून पातेलीं, स्टुलें, शेगड्या वगैरे करण्याची हौस पुष्कळांना असते. तीं पिंपें गंज न चढणाऱ्या पोलादाचीं असतात, म्हणून टिकाऊ होतात. युरोपांत तीं बहुधा ५० लिटरचीं असतात. परंतु तीं बहुधा दारूच्या कारखान्याच्याच मालकीचीं असून रिकामीं झाल्यावर परत करावयाचीं असतात. शिवाय बिअर वर ढकलण्यासाठीं त्यांत दाबाखालीं वायु भरलेला असतो, आणि बिअर संपली तरी तो दाब उरतो. दाब पूर्णपणें सोडल्यावांचून त्यांची झडप उघडूं पाहणारांना इजा झालेल्या आहेत. पिंप तेलाचें असो वा बिअरचें, तें खरोखर रिकामें आहे कीं नाहीं, याची खात्री आधीं करून घ्यावी लागते.

एवढी काळजी घेतल्यावर जुनें पिंप काय काय कामें करतें तें पाहूं. पहिलें काम पाण्याचें. वरूडच्या बागांनीं या भागाला वैभव दिलें, त्याबरोबर भूगर्भांतील पाण्याचा उपसाहि वाढला, आणि कूपनलिका खोल खोल जात राहिल्या. अशा ठिकाणीं छपरावरचें पाणी वाया घालविणें परवडणारें नाहीं. याचा हिशेब शाळेंतल्या मुलालाहि करतां येईल. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला, म्हणजे एक लिटर पाणी होतें. छप्पर २० चौरस मीटरांचें असेल आणि एक सर १० मिलिमीटरांची आली, तर २०० लिटर, म्हणजे बरोबर एक पिंप पाणी मिळतें. पन्हाळीखालीं पिंप ठेवावें, पहिल्या सरीचें घाणेरडें पाणी बाहेर जाऊं द्यावें, आणि नंतरचें धरावें. हें पाणी भांडीं, जनावरें आणि रोपें यांच्यासाठीं आहे, पिण्यासाठीं नव्हे.

मात्र उघडें पिंप हें डासांचें माहेर होय. डेंग्यू पसरविणारा डास स्वच्छ सांठलेल्या पाण्यालगत, भांड्याच्या कडेला अंडीं घालतो, आणि आठ-दहा दिवसांत त्यांतून नवा डास उडतो. म्हणून तोंडाला जाड कापड घट्ट बांधावें, आणि आठवड्यांतून एक दिवस पिंप रिकामें करून आंतली कड घांसावी. नुसतें पाणी ओतून देणें पुरेसें नाहीं, कारण अंडीं कडेला चिकटून बसतात आणि कोरडीं राहूनहि टिकतात. कोरडा दिवस पाळावयाचा तो याच कारणासाठीं.

दुसरें काम धान्याचें. खाद्यतेलाचें पिंप सोड्यानें धुऊन, उन्हांत चार दिवस वाळवून, घट्ट झांकण बसविलें, तर त्याची उत्तम कोठी होते. उंदीर पत्र्याला हात लावूं शकत नाहींत. धान्य इतकें वाळलेलें असावें, कीं दाणा दांताखालीं कट्टकन् फुटला पाहिजे. नुसता चेपला तर त्यांत ओल आहे असें समजावें. पिंप गळ्यापर्यंत भरावें, म्हणजे आंत हवा थोडी राहते. आंत सांपडलेले किडे त्या थोड्या हवेंतील प्राणवायु संपवितात आणि मग त्यांची वाढ थांबते. पिंप विटांवर, भिंतीपासून वीतभर दूर आणि सावलींत ठेवावें. दिवसा तापून रात्रीं थंड होणाऱ्या पत्र्यास आंतून घाम सुटतो, आणि वरचा थर बुरसतो.

तिसऱ्या एका कामांत लोखंडी पिंप मुळींच चालत नाहीं, आणि तें काम संत्र्याच्या मुलखांतलेंच आहे. संत्र्याच्या बुंध्यांतून डिंक पाझरून झाड वाळूं लागतें, तो डिंक्या रोग बागाइतदारास चांगला ठाऊक आहे. त्यावर पावसाळ्यापूर्वीं व नंतर बुंध्यास बोर्डो मलम लावतात. एक किलो मोरचूद, एक किलो चुना आणि दहा लिटर पाणी, असें त्याचें प्रमाण आहे. तेंच शंभर लिटर पाण्यांत केलें, म्हणजे फवारणीचें बोर्डो मिश्रण होतें. फ्रान्समधील बोर्डो शहरच्या मियार्दे या वनस्पतिशास्त्रज्ञानें १८८५ सालीं द्राक्षांच्या रोगावर हा उपाय जगापुढें मांडला. मोरचुदाचें पाणी लोखंडाला लागलें, कीं लोखंड विरघळूं लागतें आणि त्याच्या जागीं तांबें बसतें. औषधांतलें तांबें याप्रमाणें पिंपाच्या पत्र्यावर जाऊन बसलें, तर झाडाच्या वाट्याला काय येणार? पिंपाचीहि चाळण होते. म्हणून मोरचूद आणि चुना प्लॅस्टिकच्या, मातीच्या किंवा लांकडी भांड्यांत वेगवेगळे भिजवावे आणि मग एकत्र ओतावे. लोखंडाचा हाच दुर्गुण परीक्षेच्या वेळीं गुण ठरतो. तयार मिश्रणांत स्वच्छ विळा मिनिटभर बुडवून काढावा. पात्यावर तांबूस थर दिसला, तर चुना कमी पडला असें समजून आणखी घालावा.

चौथें काम कोळशाचें. कापूस वेंचून झाल्यावर शेतांत पऱ्हाटीचे ढीग उरतात. थोडी चुलीला जाते, बाकीची पेटवून देतात, आणि धुरानें गांव भरून जातें. हैदराबादच्या कोरडवाहू शेती संशोधन संस्थेनें दोनशे लिटरच्या जुन्या तेलपिंपापासून एक साधी भट्टी तयार केली आहे. तळाला भोकें पाडावयाचीं, आंत तोडलेली पऱ्हाटी दाटून भरावयाची, आणि वरून पेटवावयाची. खालून थोडीच हवा मिळते, म्हणून लांकूड पुरतें जळत नाहीं. त्यांतली ओल व वायु निघून जातात आणि कोळसा उरतो. दाट पांढरा धूर विरळ होऊन निळसर झाला, कीं झांकण ठेवून सगळ्या फटी ओल्या मातीनें लिंपाव्या, आणि भट्टी पुरती थंड होईपर्यंत उघडूं नये. हा कोळसा कुटून शेणखताबरोबर जमिनींत घातला, तर जमीन ओल धरून ठेवते. या कामास डिझेलचें किंवा वंगणाचें जुनें पिंप चालतें. मात्र पहिल्या एकदोन खेपांना रंगाचा आणि तेलाचा धूर निघतो, म्हणून घरापासून दूर, वाऱ्याची दिशा पाहून भट्टी लावावी.

अमरावती जिल्ह्यांतील बेलोऱ्याचे सुभाष पाळेकर, ज्यांना २०१६ सालीं पद्मश्री मिळाली, त्यांनीं प्रसिद्ध केलेल्या जीवामृतांतहि पाण्याचें माप दोनशे लिटर, म्हणजे एक पिंपच धरलेलें आहे. दहा किलो शेण, गोमूत्र, दोन किलो गूळ, दोन किलो बेसन आणि मूठभर माती असा त्याचा सरंजाम असतो. परंतु हें मिश्रण आंबतें, आणि आंबट द्रव लोखंड खातो. म्हणून येथेंहि प्लॅस्टिकचें पिंप किंवा सिमेंटचें टांकें बरें.

पिंपाचा सर्वांत नवलाचा पुनर्जन्म मात्र सातासमुद्रांपलीकडे झाला. वेस्ट इंडीजमधील त्रिनिदाद बेटावर १८४५ पासून हिंदुस्थानांतून करारबद्ध मजूर उंसाच्या मळ्यांवर गेले, त्यामुळें तें नांव आपल्याला परकें नाहीं. तेथील आफ्रिकी वंशाच्या गरीब वस्त्यांना उत्सवांत ढोल वाजविण्यास इंग्रज सरकारनें बंदी केली होती. त्यांनीं बांबू आपटून ताल धरला. पुढें डबे व पत्रे वाजविले. आणि दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास तेलाचीं पिंपें हातीं घेतलीं. पिंपाचा तळ हातोड्यानें ठोकून खोलगट करावयाचा, त्यावर लहानमोठे भाग आंखावयाचे, पत्रा विस्तवावर तापवावयाचा, आणि मग एकेक भाग ठोकून सुरांत आणावयाचा. मोठ्या भागांतून खालचा सूर निघतो, लहानांतून वरचा. १९५१ सालीं या वाद्यांचा एक मेळ लंडनच्या महोत्सवांत वाजला, तेव्हां तेलाच्या पिंपांतून निघणारें संगीत ऐकून श्रोते थक्क झाले. २०२३ सालीं संयुक्त राष्ट्रांनीं ११ ऑगस्ट हा दिवस या वाद्यासाठीं जागतिक दिन म्हणून ठरविला. तेथील कारागीरहि पिंप निवडतांना त्याची पारख करतात, आणि पत्र्याला हात घालण्यापूर्वीं आंतल्या तेलाचा मागमूस राहूं देत नाहींत.

वरूडच्या बागेंतील टिपाडाला असें भाग्य लाभेल असें नाहीं, आणि त्याची गरजहि नाहीं. एक पिंप पावसाचें पाणी, चार पोतीं ज्वारी, कांहीं टोपल्या कोळसा, एवढें त्यानें दिलें तरी शेतकऱ्याचें काम झालें. त्यासाठीं पिंप विकत घेतांना भाव करण्यापूर्वीं भंगारवाल्यास एक प्रश्न विचारावा: यांत आधीं काय होतें? उत्तर सरळ आलें नाहीं, तर पिंप कितीहि नवें दिसो व कितीहि स्वस्त पडो, तें तेथेंच ठेवून पुढच्या दुकानीं जावें.